सर आशुतोष मुकर्जी आणि कलकत्त्याचें विश्वविद्यालय

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेच्या वरच्या वर्गांत एकाच गोष्टीची चर्चा सुरू होते. प्रश्न कोणते येतील, गुण किती मिळतील, पुढें कोणत्या कॉलेजांत प्रवेश मिळेल, यांखेरीज दुसरा विषय कोणाच्या तोंडीं नसतो. घरीं आईबापांच्या मनांतही तेंच घोळत असतें. विश्वविद्यालय म्हणजे परीक्षा घेऊन पदव्या देणारी एक मोठी कचेरी, अशी समजूत त्यामुळें आपल्यापैकीं पुष्कळांची होऊन बसली आहे. एके काळीं ही समजूत अक्षरशः खरी होती, हें मात्र थोड्यांस ठाऊक असेल. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विश्वविद्यालयें १८५७ सालीं लंडनच्या धर्तीवर स्थापन झालीं, तीं परीक्षा घेण्यापुरतींच. कॉलेजांनीं शिकवावें; विश्वविद्यालयानें प्रश्नपत्रिका काढाव्या, उत्तरें तपासावीं व पदव्या वांटाव्या, असा क्रम सुमारें अर्धें शतक चालला. कलकत्त्यास हा क्रम ज्या पुरुषानें मोडला, त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

आशुतोष मुकर्जी यांचा जन्म २९ जून १८६४ रोजीं कलकत्त्यास झाला. वडील गंगाप्रसाद हे भवानीपूर भागांतील नांवाजलेले डॉक्टर होते. मुलाच्या शिक्षणावर त्यांची बारीक नजर असे, आणि पुस्तकांसाठीं पैसा लागला तर त्यांनीं कधीं हात आंखडला नाहीं. आई जगत्तारिणीदेवी यांचा शब्द तर पुत्रानें मोठेपणींही ओलांडला नाहीं. १८७९ सालीं एन्ट्रन्स परीक्षेंत आशुतोष दुसरे आले व प्रेसिडेन्सी कॉलेजांत दाखल झाले. गणित हा त्यांचा जीव कीं प्राण. युक्लिडच्या एका सिद्धान्ताची त्यांनीं शोधून काढलेली नवी सिद्धता १८८१ सालीं इंग्लंडांतील गणिताच्या एका मासिकांत छापून आली, तेव्हां ते अवघे सतरा वर्षांचे होते. १८८४ सालीं बी.ए. च्या परीक्षेंत ते पहिले आले. १८८५ सालीं गणितांत व लगेच पुढच्या वर्षीं पदार्थविज्ञानांत त्यांनीं एम्.ए. ची पदवी मिळविली. त्याच १८८६ सालीं त्यांस प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ति मिळाली. ही शिष्यवृत्ति मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याच्या देणगींतून निघाली होती, त्याच गृहस्थांच्या पैशांतून मुंबईचा राजाबाई टॉवरही उभा राहिला आहे. मुंबईच्या कापसाच्या व्यापारांत मिळालेला पैसा कलकत्त्याच्या गणित्याच्या उपयोगीं पडला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या दानावर विद्या कशी वाढते, याचा अनुभव आशुतोषांनीं प्रथम येथें घेतला असावा.

यापुढें काय व्हावयास हवें होतें? ज्या तरुणाचे गणितावरील निबंध परदेशांत वाचले जात होते, त्यानें जन्मभर गणितच करीत रहावें, हेंच योग्य होतें. आशुतोषांची इच्छाही तीच होती. परंतु विश्वविद्यालयापाशीं संशोधकास देण्यास एकही जागा नव्हती. जी संस्था फक्त परीक्षा घेते, ती प्राध्यापक कोठून नेमणार? सर गुरुदास बॅनर्जी हे कलकत्त्याचे पहिले भारतीय व्हाइस-चॅन्सेलर. त्यांनीं आशुतोषांसाठीं गणिताचें एक अध्यासन निर्माण करावें म्हणून निधि जमविण्याचा यत्न केला. पण कलकत्त्यासारख्या श्रीमंत शहरांत तेवढा पैसा उभा राहिला नाहीं. अखेर आशुतोष वकिलीकडे वळले. कायद्याची पदवी १८८८ सालींच झाली होती. १८९४ सालीं ते कायद्याचे डॉक्टर झाले, आणि १९०४ सालीं हायकोर्टाचे न्यायाधीश. लोकांच्या दृष्टीनें ही मोठी बढती होय. त्यांच्या स्वतःच्या मनाला मात्र ती सल शेवटपर्यंत बोंचत राहिली, असें त्यांच्या पुढील वागण्यावरून म्हणावें लागतें. आपल्याला जें मिळालें नाहीं, तें पुढच्या मुलांना मिळालें पाहिजे, या एका हट्टानें त्यांनीं उरलेलें आयुष्य वेंचलें.

१८८९ सालीं, पंचविशींत, ते विश्वविद्यालयाचे फेलो व सिंडिकेटचे सभासद झाले. त्या वयांत इतर तरुण जेथें केवळ खुर्चीचा मान भोगतात, तेथें आशुतोष प्रत्येक नियम, प्रत्येक हिशेब व प्रत्येक ठराव वाचून काढीत. १८९१ सालीं त्यांनीं असा ठराव आणला कीं, वरच्या परीक्षांत देशी भाषांस स्थान असावें. ठराव फेटाळला गेला. आपल्याकडे न्यायमूर्ति रानडे यांनाही मुंबई विश्वविद्यालयांत मराठीसाठीं असेंच झगडावें लागलें, हें वाचकांस ठाऊक असेलच. आशुतोषांनीं पराभव निमूटपणें सोसला, पण तो विषय मनांतून काढला नाहीं. सोळा वर्षें व्यवस्थापक सभांत बसून त्यांनीं या यंत्राचें प्रत्येक चाक कसें फिरतें, तें पाहून घेतलें.

मग लॉर्ड कर्झन यांचा काळ आला. १९०२ सालीं विश्वविद्यालयांच्या चौकशीसाठीं कमिशन बसलें. बंगालपुरते आशुतोष त्याचे सभासद होते. कमिशनच्या पाठोपाठ १९०४ चा कायदा झाला. फेलोंची संख्या शंभरांवर आणली गेली, निवडून येणारे त्यांपैकीं अवघे वीस, बाकी बहुतेक सरकारनियुक्त. कॉलेजांस मान्यता द्यावयाची ती सरकारच्या संमतीनें. सर्व नियमांवर सरकारचा हात. देशभर या कायद्याविरुद्ध ओरड झाली. वरिष्ठ कायदेकौन्सिलांत आपल्या गोपाळराव गोखल्यांनीं त्याचा कसून प्रतिकार केला. फर्ग्युसन कॉलेजांत वर्षानुवर्षें शिकविलेल्या माणसाला सरकारी पकडीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. आशुतोषही त्या वेळीं कौन्सिलांत होते व कायद्यांतील दोष त्यांसही दिसत होते. परंतु सर्वांचें लक्ष बेड्यांकडे असतां त्यांची दृष्टि एका लहानशा कलमावर खिळली. त्या कलमान्वयें विश्वविद्यालयांस स्वतः प्राध्यापक नेमण्याचा, प्रयोगशाळा व ग्रंथालयें उभारण्याचा आणि स्वतः शिकविण्याचा अधिकार मिळाला होता. सरकारला तें कलम शोभेचें वाटलें असल्यास नवल नाहीं. कारण त्यासाठीं पैशाची तरतूद म्हणावी तशी कोठेंच नव्हती.

१९०६ सालीं आशुतोष व्हाइस-चॅन्सेलर झाले. हें काम बिनपगारी होतें. दिवसा हायकोर्टांत न्यायदान करावें आणि उरलेला वेळ सीनेट हाउसांत घालवावा, असा त्यांचा क्रम १९१४ पर्यंत चालला. काळ अतिशय कठीण होता. १९०५ सालीं बंगालची फाळणी झाल्यापासून स्वदेशीची चळवळ भडकली होती. तरुण मंडळी या विश्वविद्यालयास गुलाम घडविण्याचा कारखाना म्हणत आणि त्याऐवजीं राष्ट्रीय शिक्षणाची स्वतंत्र संस्थाही निघाली. तिकडे सरकार प्रत्येक विद्यार्थ्यांत राजद्रोही पाहूं लागलें. दोहों बाजूंचे हे धक्के घेत आशुतोष मधें उभे राहिले. त्यांच्या भरघोंस मिशा व धिप्पाड देह पाहून लोकांनीं त्यांस बंगालचा वाघ म्हटलें खरें. पण वाघाच्या झडपेपेक्षां कोळ्याची चिकाटीच या कामीं अधिक उपयोगाची होती, असें आम्हांस वाटतें.

त्यांची योजना काय होती, तें थोडें विस्तारानें पाहूं. प्रथम त्यांनीं नवे नियम तयार केले व अभ्यासक्रमांची घडी बसविली. बी.ए. पर्यंतचें शिक्षण कॉलेजांनीं द्यावें, परंतु एम्.ए. व एम्.एस्‌सी. चें अध्यापन हळूहळू विश्वविद्यालयानें आपल्या हातीं घ्यावें, कारण तेथेंच संशोधन सुरू होतें. एकेका कॉलेजांत दोन-चार विद्यार्थी व एखादा प्राध्यापक असल्यापेक्षां सर्वांची विद्या एके ठिकाणीं जमा केली, तर थोड्या पैशांत मोठें काम होईल, असा त्यांचा हिशेब होता. १९०९ सालीं विश्वविद्यालयाचें लॉ कॉलेज सुरू झालें. अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, उच्च गणित, प्राचीन भारतीय इतिहास, अशीं अध्यासनें एकामागून एक निघालीं. त्यांस व्हाइसरॉय, गव्हर्नर किंवा बादशहा यांचीं नांवें दिलेलीं आढळतात: मिंटो, हार्डिंज, कार्मायकेल, पंचम जॉर्ज. व्यवहार कळणाऱ्यास यांतील चातुर्य सहज दिसेल. व्हाइसरॉयचें नांव लावलेल्या जागेस सरकार सहजासहजीं नकार कसें देणार? अखेर १९१७ सालीं नवे नियम होऊन सर्व पदव्युत्तर अध्यापन विश्वविद्यालयाच्या छत्राखालीं आलें.

पैशासाठीं त्यांनीं दोन वाटा धरल्या. एक परीक्षेच्या फीची. कलकत्त्याच्या परीक्षेस बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम व ब्रह्मदेश येथून विद्यार्थी येत. पूर्वीं तर आपल्या नागपुरचें हिस्लॉप कॉलेजही याच विश्वविद्यालयास जोडलेलें होतें. या हजारों विद्यार्थ्यांच्या फीमधून खर्च वजा जातां जें उरे, तें आशुतोषांनीं वरच्या शिक्षणाकडे वळविलें. दुसरी वाट दानाची. दरभंग्याच्या महाराजांनीं ग्रंथालयाच्या इमारतीसाठीं अडीच लक्ष रुपये दिले. १९१२ सालीं बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनीं आपली जमीन व द्रव्य मिळून सुमारें पंधरा लक्षांची मालमत्ता विश्वविद्यालयास अर्पण केली. १९१३ सालीं डॉ. रासबिहारी घोष यांनीं दहा लक्ष दिले आणि पुढें तितक्याच मोठ्या रकमेची भर घातली. हे दोघेही पूर्वीं राष्ट्रीय शिक्षणाच्या पक्षाचे आधारस्तंभ होते. ज्यांनीं प्रतिस्पर्धी संस्था उभारण्यास हात लावला होता, त्यांचाच पैसा आशुतोषांच्या पदरांत पडला, यावरून त्यांच्यावरील लोकांच्या विश्वासाची कल्पना येईल. दात्यांची एक अट अशी होती कीं, या देणगींतून नेमावयाचे प्राध्यापक भारतीयच असावेत. २७ मार्च १९१४ रोजीं, पद सोडण्यापूर्वीं थोडेच दिवस, आशुतोषांनीं सायन्स कॉलेजचा पाया घातला.

इमारतीपेक्षां माणसें शोधण्यांत त्यांचें खरें कौशल्य दिसून आलें. त्यांनीं प्रांत पाहिला नाहीं, जात पाहिली नाहीं, वयही पाहिलें नाहीं. कलकत्त्यास सरकारी हिशेबखात्यांत मद्रासेकडील एक तरुण अधिकारी होता. कचेरी सुटल्यावर तो बोबझार रस्त्यावरील विज्ञानसंस्थेंत जाऊन रात्रीपर्यंत प्रयोग करीत बसे. तेच चंद्रशेखर व्यंकट रामन. आशुतोषांनीं त्यांस पदार्थविज्ञानाचें पालित अध्यासन देऊं केलें. सरकारी पगार मोठा, इकडचा लहान. शिवाय परदेशांत जाऊन शिकून येण्याची अट आड आली. रामन यांनीं जाण्यास नकार दिला, तेव्हां आशुतोषांनीं त्यांच्यापुरती ती अट दूर करविली, आणि १९१७ सालीं ते प्राध्यापक झाले. पुढें १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. रसायनासाठीं प्रफुल्लचंद्र राय आले. सत्येंद्रनाथ बोस व मेघनाद साहा हे तर एम्.एस्‌सी. होऊन नुकतेच बाहेर पडलेले. १९१६ सालीं त्यांस अध्यापक म्हणून घेतलें. ज्या नव्या पदार्थविज्ञानाचे ग्रंथ इकडे मिळत नसत, तें या दोघांनीं स्वतः शिकत शिकत विद्यार्थ्यांस शिकविलें, आणि १९२० सालीं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरील निबंधांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर विश्वविद्यालयानेंच प्रसिद्ध केलें. म्हैसुराहून १९२१ सालीं राधाकृष्णन् यांस तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर आणलें.

या निवडींत महाराष्ट्राचाही वांटा आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चिरंजीव देवदत्त हे पुण्यास पुराणवस्तु-खात्यांत होते. १९१७ सालीं आशुतोषांनीं त्यांस प्राचीन भारतीय इतिहासाचें कार्मायकेल अध्यासन दिलें व सुमारें वीस वर्षें त्यांनीं तें भूषविलें. वनस्पतिशास्त्राच्या घोष अध्यासनासाठीं मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांची निवड झाली. अधिक अभ्यासासाठीं ते जर्मनीस गेले आणि इतक्यांत १९१४ चें महायुद्ध पेटलें. पदार्थविज्ञानाचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही तेथेंच होते. ब्रिटिश प्रजाजन म्हणून युद्ध संपेपर्यंत दोघांसही परततां आलें नाहीं. कॉलेज उघडलें आणि प्राध्यापक शत्रूच्या मुलुखांत, अशी ही स्थिति! उपकरणें परदेशाहून येणें बंद झालेलें. तरीही १९१६ सालीं वर्ग सुरू झाले. आघारकर पुढें १९४६ पर्यंत कलकत्त्यास राहिले. निवृत्त होऊन पुण्यास आल्यावर त्यांनीं त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जी विज्ञानसंस्था सुरू केली, ती १९९२ पासून त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

देशी भाषांचा जुना ठराव आशुतोष विसरले नव्हते. नव्या नियमांत त्यांनीं मातृभाषेंतील निबंध बी.ए. पर्यंत आवश्यक केला, आणि १९१९ सालीं भारतीय भाषांत एम्.ए. होण्याची सोय झाली. १८९१ सालीं फेटाळलेली गोष्ट अठ्ठावीस वर्षांनीं या रीतीनें पूर्ण झाली. रवींद्रनाथ ठाकुरांस १९१३ सालीं सन्मान्य पदवी देण्यांत आली तीही याच कारकीर्दींत. ज्यांनीं स्वतः कधीं कॉलेजची पदवी घेतली नव्हती, त्यांस ती विश्वविद्यालयानें आपण होऊन दिली.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चरित्र म्हटलें कीं गुणांचीच रास करावी, ही रीत आम्हांस पसंत नाहीं. आशुतोषांच्या काळीं परीक्षा उत्तीर्ण होणारांचें प्रमाण पुष्कळ वाढलें व पदव्या स्वस्त झाल्या, अशी टीका त्या वेळीं झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती. विद्या मूठभरांपुरती न राहतां गांवोगांव पसरावी, असें त्यांचें उत्तर असे. तथापि खालच्या परीक्षार्थ्यांच्या फीवर वरचे विभाग चालवावयाचे, तर परीक्षार्थी वाढण्यांत विश्वविद्यालयाचा स्वार्थ गुंतला, हा दोष योजनेच्या मुळांतच होता. शिवाय सर्व सूत्रें ते आपल्या हातीं ठेवीत. १९१४ नंतर व्हाइस-चॅन्सेलर दुसरे होते, तरी पदव्युत्तर अध्यापनाच्या मंडळांचे अध्यक्ष आशुतोषच. पैसा हातीं येण्यापूर्वीं विभाग उघडावयाचा, मग तो बंद पडूं द्यावयाचा नाहीं म्हणून पैसा शोधावयाचा, ही त्यांची पद्धत होती. ती धाडसाची खरी. परंतु तिचा बोजा कधींतरी कोणावर तरी पडणारच.

तो पडला १९२१ नंतर. तत्पूर्वीं १९१७ सालीं पाटणा, १९२० सालीं रंगून व १९२१ सालीं ढाका येथें स्वतंत्र विश्वविद्यालयें निघालीं. कलकत्त्याचे परीक्षार्थी व त्यांच्याबरोबर फीचें उत्पन्नही कमी झालें. त्यांतच असहकाराच्या चळवळींत पुष्कळ विद्यार्थ्यांनीं शिक्षण सोडलें. याच सुमारास आशुतोष पुन्हां व्हाइस-चॅन्सेलर झाले होते. तिजोरींत खडखडाट आणि अध्यापकांचे पगार थकलेले. बंगाल सरकारनें १९२२ सालीं अडीच लक्ष रुपये देऊं केले, पण त्याबरोबर अटी घातल्या. हिशेब सरकारनें सांगितल्याप्रमाणें ठेवावे, खर्चाचे नवे विभाग सरकारला न विचारतां उघडूं नयेत, अशा त्या होत्या. येथें सरकारचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें नाहीं. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागण्यांत गैर काय? परंतु आशुतोषांस पूर्वींचा अनुभव होता. १९१३ सालीं विश्वविद्यालयानें निवडलेल्या तीन व्याख्यात्यांस, ते राजकारणांत पडतात या सबबीवर, सरकारनें मान्यता नाकारली होती. इतिहाससंशोधक काशीप्रसाद जयस्वाल हे त्यांपैकीं एक. आज हिशेबाच्या निमित्तानें आंत आलेला हात उद्यां कोणी काय शिकवावें हेंही ठरवील, अशी त्यांस भीति होती.

डिसेंबर १९२२ मध्यें सीनेटची सभा भरली. ज्यांचे पगार थकले होते, असे अध्यापकही त्या निर्णयाची वाट पहात होते. आशुतोषांनीं त्या दिवशीं केलेलें भाषण बंगालमध्यें पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें गेलें. आपण दारोदार जाऊन भिक्षा मागूं, अध्यापक उपाशी राहतील, परंतु स्वातंत्र्य विकून ही रक्कम घ्यावयाची नाहीं, असा त्याचा आशय होता. सीनेटनें अटींसह देणगी नाकारली. अध्यापकांनींही त्यांची बाजू सोडली नाहीं, हें विशेष. कारण त्या ठरावाची किंमत प्रथम त्यांच्याच घरांत मोजली जाणार होती.

मार्च १९२३ मध्यें मुदत संपत आली. गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनीं पत्र पाठवून पुन्हां नेमणूक देऊं केली. मात्र आशुतोषांनीं सरकारशीं विरोध सोडून सहकार्य करावें, अशी अपेक्षा तींत होती. आशुतोषांनीं उत्तरीं ती नेमणूक अपमानकारक म्हणून स्वच्छ नाकारली, व दोन्ही पत्रें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालीं. त्याच वर्षीं त्यांच्यावर घरचेंही दुःख कोसळलें. त्यांची मुलगी कमला लहानपणीं विधवा झाली होती. १९०८ सालीं, समाजाचा रोष पत्करून, त्यांनीं तिचा पुनर्विवाह लावून दिला होता. ती कमला १९२३ सालीं वारली. तिच्या नांवानें व्याख्यानमाला चालावी म्हणून त्यांनीं विश्वविद्यालयास देणगी दिली. वर्षअखेरीस त्यांनीं न्यायाधीशाचें पद सोडलें व पुन्हां वकिली सुरू केली. एका मोठ्या खटल्यासाठीं ते पाटण्यास गेले असतां २५ मे १९२४ रोजीं त्यांस मृत्यु आला. त्यांचें वय त्या वेळीं साठाच्याही आंत होतें. देह कलकत्त्यास आणला, तेव्हां त्यास निरोप देण्यासाठीं सारें शहर लोटलें.

त्यांचे एक चिरंजीव श्यामाप्रसाद हे १९३४ सालीं त्याच विश्वविद्यालयाचे व्हाइस-चॅन्सेलर झाले. वडिलांच्या घरांतील भिंतीभिंतींस लागलेलीं ऐंशी हजारांहून अधिक पुस्तकें कुटुंबीयांनीं १९४९ सालीं राष्ट्रीय ग्रंथालयास दिलीं. गंगाप्रसाद डॉक्टरांनीं मुलासाठीं विकत घेतलेल्या पुस्तकांपासून ज्या संग्रहास आरंभ झाला होता, तो कलकत्त्याच्या त्या ग्रंथालयांत त्यांच्या नांवानें निराळा ठेविलेला आहे, आणि कोणीही विद्यार्थी तेथें जाऊन तीं पुस्तकें मागून वाचूं शकतो.